माझं पक्कं लिव्हर

१२ जून
सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली. पेणच्या डॉ. पद्मजा म्हणतात इलॅस्टोग्राफी करू, बाहेरूनच यंत्र लावून आतलं कडक की मऊ ते कळतं. मेव्हणा निलेश लगेच हो म्हणाला. एवढा पुळका? कमिशन असणार.
आम्ही हमरापूरचे मूर्तिकार. बोटाने दाबून माल वाळला की नाही सांगण्यात हयात गेली. मला यंत्र शिकवणार!

१३ जून, सकाळ
बरगडीखाली दाबून पाहिलं. घट्ट लागलं. गाठबीठ काही नाही. बायको चंद्रावती दारातून बघत होती. भावाला रिपोर्टिंग चालू दिसतंय.
निश्चय: टेस्ट होईपर्यंत बाटलीला हात नाही.

१३ जून, संध्याकाळ
दमट हवा, मूर्ती वाळत नाहीत, टेन्शन. एकच घेतली. टेस्टला उपाशी या म्हणाल्यात. पिण्याचं कोण बोललंय?

१६ जून
टेस्ट झाली. गाठ मऊ आहे, पण बाकीचं लिव्हर बरंच कडक, असं बाई म्हणाल्या. पुढे बोलतच होत्या, मी रिपोर्ट घेऊन उठलो. घाबरवून गिऱ्हाईक धरून ठेवायची रीत मला ठाऊक आहे.
लिव्हर कडक म्हणजे माल पक्का, रंगाला तयार. गाठ तेवढी कच्ची. वाळेल.

१७ जून
खात्री करायला रोह्यात दुसरीकडे टेस्ट केली. कडकपणाचा आकडा पेणपेक्षा थोडा जास्तच! पद्मजाबाईंनी तिथे फोन केला असावा. पण मग वाढवला कशाला? येताना वाटेत खांब गावच्या बारला थांबलो. आनंदात दोन झाल्या.

१८ जून
पेढे वाटले. आसपासच्या सगळ्या कारखान्यांत रिपोर्ट दाखवला. शेजारच्या सुशीलने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि पेढा तसाच ठेवला. जळतो.

२० जून
चंद्रावती मला न सांगता पेणला जाऊन आली. भाकरी थापता थापता म्हणाली, "गाठ साधी हाय, तिची भीती नाय. लिव्हर मऊच असावं लागतं. तुमचं पिऊन कडक झालंय. अजून सोडलीत तर वाचाल."
तुला निलेशने पढवलंय, म्हटलं. ती डोळे पुसत राहिली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला.
म्हणजे मी किती पितो त्याचा रिपोर्ट मीच गावभर फिरवला, वर पेढे वाटून. फार भीती वाटतेय.
उद्या पद्मजाबाईंकडे जायचं. चंद्रावतीला मीच बरोबर चल म्हटलं.