पहिल्या हाकेला

अहो,

तुम्हाला जाऊन महिना झाला नाही तोच गॅलरीवाले येऊन म्हणाले, "आता तुमच्या हातून मोठं काम होईल. दुःखातूनच कला येते." मी चहा पुढे केला, नाहीतर तोंडाचा पट्टाच सुटला असता.

लोकांना वाटतं, चित्रकाराला दुःख मानवतं. माझी बरी चित्रं तुम्ही स्वयंपाकघरात भांडी आपटत असताना झाली. तुम्हाला चित्रातलं ओ की ठो कळत नव्हतं. जेवायला हाक मारायचात, मी उठले नाही की पातेल्यावर झाकण ठेवायचात. एखाद्या दिवशी पहिल्याच हाकेला उठले की म्हणायचात, "संपलं वाटतं चित्र." ते खरंच संपलेलं असायचं. मला ते तुमच्याकडूनच कळायचं.

सध्या तुमची खुर्ची रंगवतेय. कुठे थांबायचं तेच कळेना. रंगावर रंग चढवत गेले, आता खुर्चीही दिसेनाशी झाली. धाकटी लेक बघून म्हणाली, "किती खोल आहे गं, आई." चिखल आहे नुसता.

आज स्वयंपाकघरात उभी राहून मीच मला जेवायला हाक मारली. चित्राच्या खोलीत ऐकायला कोणी नव्हतं.

तुमची,
अजून जेवायची राहिलेली