जुनी गाडी आणि मागच्या सीटवर सासूबाई

३ मार्च, सोमवार

टक. नुसतं टक! किल्ली फिरवली की पुढे काही नाही. मागच्या सीटवर सासूबाई, डिकीत त्यांचा वॉकर आणि पुढे मी — किल्लीशी झटापट करत. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना सोमवारी आणि गुरुवारी व्यायामाला न्यावं लागतं. त्यासाठीच तर नवऱ्याने ही गाडी घेतली. तेरा वर्षांची! "एकाच मालकाची आहे, अगदी फुलासारखी ठेवलीय." हे त्याचं वाक्य. फूल दारात आणून उभं केलं आणि स्वतः कंपनीच्या कामासाठी दुसऱ्या शहरात निघून गेला. फूल पडलं माझ्या गळ्यात.

शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांनी आणि वॉचमनने धक्का दिला. चालू झाली. सासूबाई म्हणाल्या, "मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं."

काय सांगितलं होतं, ते नाही सांगितलं.

४ मार्च

नवी बॅटरी टाकली. आता तरी नीट चालेल.

६ मार्च, गुरुवार

नाही चालली.

गॅरेजवाला बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाला, "बॅटरी मस्त आहे हो मॅडम. अल्टरनेटर गेलाय. बॅटरी चार्जच होत नाहीये." अरे मग बॅटरी विकायच्या आधी नाही का बघायचं? "करून टाकू ना. होऊन जाईल." ह्या माणसाचं सगळं होऊन जातं! पुढच्या चाकाची खडखड होऊन जाईल, ऑइलची गळती होऊन जाईल. मी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलंय.

संध्याकाळी नवऱ्याला फोन केला. "जुन्या गाडीत थोडंफार निघतंच गं." थोडंफार! इकडे ये आणि थोडंफार ढकल म्हणावं.

१० मार्च, सोमवार

खालच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "तुमची गाडी आमच्या दारात गळते." मी गाडीखाली पुठ्ठा ठेवून आले. हे कमी होतं म्हणून सासूबाईंच्या बाजूची काच धपकन दाराच्या आत पडली. होऊनजाईलने लाकडाची पाचर मारून ती वर अडकवली. म्हणजे आता ती खालीच येत नाही. एसी तर घेतल्यापासून गरम हवा फेकतोय. "गुदमरतंय गं," इति सासूबाई. मग काय करू? पुठ्ठ्याने वारा घालू?

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानात पोचायला उशीर झाला. मालक घड्याळाकडे बघतात, माझ्याकडे बघत नाहीत — ते जास्त लागतं. एका गिऱ्हाइकाच्या नव्याकोऱ्या चष्म्यावर माझ्या अंगठ्याचा काळा ठसा! बिचारे चष्मा घालून म्हणाले, "एका डोळ्याने दिसत नाहीये." ग्रीस होतं.

१३ मार्च

आज काही बिघडलं नाही. मलाच चैन पडेना. दिवसभर आवाज ऐकत होते.

१७ मार्च, सोमवार

पुलाच्या बरोब्बर मधोमध तापमानाचा काटा लाल! बॉनेटमधून वाफ. मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. कशीबशी कडेला घेतली आणि होऊनजाईलला फोन लावला. "बंद करा. झाकणाला हात लावू नका, भाजाल. गार झाली की पाणी भरा आणि येताना हीटर फुल ठेवून या. इंजिनची उष्णता आत ओढली जाते."

म्हणजे भर दुपारी, मागची काच बंद, हीटर फुल!

गार होईपर्यंत आम्ही दोघी पुलाच्या कठड्याशी. त्या वॉकर धरून, मी बाटली धरून. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. सासूबाईंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांनी मला अशी आपणहून कधी काही दिल्याचं आठवत नाही.

येताना हीटर लावला. घामाने दोघी चिंब. मागून आवाज आला, "चला, मेल्यावर नरकात गेले तरी मला आता उकाड्याचं काही वाटायचं नाही." मी इतकी हसले की गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेली. "समोर बघ!" त्याही हसत होत्या.

१८ मार्च

वॉटर पंप. रेडिएटरचा पाइप. "हे उघडलंच आहे तर क्लचप्लेटही बदलून घ्या, पुढच्या महिन्यात जाणारच आहे." गाडी नाही, सरकारी दवाखाना झालाय — एक आजार घेऊन जा, तीन निघतात. वर इन्शुरन्सची तारीख आली! जिची किंमत उरली नाही, तिचा विमा.

पगाराचा निम्मा भाग गेला. मला नवी चप्पल घ्यायची होती.

२३ मार्च, रविवार

नवऱ्याचा फोन. "विकून टाक ना. आईला ताईकडे पाठव. तळमजला आहे, व्यायामवाली घरी येईल. तुझाही जीव सुटेल. मी आईशी बोललोय."

खरं लिहू? बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की फोन ठेवल्यावर सोफ्यावर आडवी झाले आणि तशीच झोपून गेले.

उठल्यावर सासूबाईंना म्हटलं, "नणंदबाईंकडे तुम्हाला सोयीचं पडेल." त्या "हं" म्हणाल्या आणि डबीत आठवड्याच्या गोळ्या भरत राहिल्या.

२९ मार्च, शनिवार

काल सासूबाईंची ताईकडे न्यायची बॅग भरून झाली, आज सकाळी गाडी धुतली. गिऱ्हाईक आलं — एक शाळामास्तर आणि त्यांची बायको, साधी माणसं. आणि गाडी! पहिल्या किल्लीला चालू. खडखड नाही, वाफ नाही. माझ्यासमोर कधी इतकी शहाण्यासारखी वागली नव्हती. मास्तर चक्कर मारून आले, खूश. आगाऊ रक्कम द्यायला खिशात हात घातला.

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. सासूबाई! वॉकर घेऊन, एकट्या. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

"तुम्ही घेताय का गाडी? छान. पुलावर तापते बरं का. मागची काच पाचरीवर आहे. ऑइल गळतं, तो पुठ्ठा बघा. आणि एसी लावू नका, अंगावर फोड येतील."

मास्तरांचा हात खिशातच राहिला. बायकोने त्यांची बाही ओढली. "विचार करून कळवतो." कळवतात!

मी भडकले. तिथेच, पार्किंगमध्ये. "आई, तुम्ही मुद्दाम केलंत!"

"हो."

"का? इतके दिवस मी काय सोसतेय ते दिसत नाही तुम्हाला?"

"दिसतं." आणि वॉकर टेकत लिफ्टकडे गेल्या.

मीही काहीबाही बोलले. मागून, त्यांना ऐकू जाईल असं. म्हटलं, गाडी आणि तुम्ही, दोघींनी मिळून माझा जीव घ्या.

३० मार्च

अबोला. जेवणं वेगवेगळी. त्यांचा फोन दोन-तीनदा वाजला, त्यांनी उचलला नाही. माझी माफी मागायची तयारी नाही. त्यांनी मागावी!

३१ मार्च, सोमवार

व्यायामाला जाताना त्या आज पुढे बसल्या, माझ्या शेजारी. परत येताना म्हणाल्या, "जरा कडेला घे." घेतली. म्हणाल्या, "तो येणार नाही आता. तिथे त्याने दुसरीबरोबर संसार मांडलाय. मी ताईकडे पोचले की तुला सांगणार होता. मला गप्प राहायला सांगितलं होतं त्याने." त्यांनी माझा हात धरला. "मी तिकडे गेले असते, तर हे तू एकटीने ऐकलं असतंस."

घरी आल्यावर मी त्यांची भरलेली बॅग उघडली आणि कपडे परत कपाटात लावले.