उसातली हाक

सर, त्या संध्याकाळी आई सापडली, त्याची खरी किंमत तुमच्या गुडघ्याने भरली. लोक म्हणाले, थोडा ऊस मोडला, एवढ्यावर निभावलं. पण पाण्याच्या चारीत गुडघा मुरगळल्यापासून तुम्ही पुन्हा सायकलवर बसला नाहीत, हे मी दुकानातून बघत होतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरगावात माझं मोटारदुरुस्तीचं दुकान नुकतंच चालायला लागलेलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की बेअरिंग काय म्हणतंय ते कळतं. तालुक्यात असा कान दुसरा नाही, असं मी तुम्हालाही ऐकवायचो. तुम्ही हसायचात, शाळेत विज्ञान शिकवायचात त्याच सुरात म्हणायचात, "अरे, तुझ्याहून मोठे कान वर सोडायचं चाललंय." एकमेकांपासून लाखो किलोमीटर अंतरावर तीन यानं, मधे लेसरचा किरण. दूर कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरली की अवकाशालाच थरथर सुटते, ती हे टिपणार. "पण आली कुठून? एका जागी राहून नाही कळत. सूर्याभोवती फिरत वर्षभर ऐकायचं. सूर चढतो, उतरतो, त्यावरून जागा काढायची." मी म्हणालो, सर, चहा निवतोय.

आई तेव्हा विसरायला लागली होती. त्या दिवशी तुम्ही वस्तीवर आलेले, आणि दिवस कलताना ती उसात शिरली. त्याच फडातून बिबट्याने आमचं वासरू नेलेलं. मी बांधावर उभा आहे. तिची बारीक हाक येते आहे. मी हात करतो, इकडे. आत घुसतो, तिथे कोणी नाही. पुन्हा दुसरीकडे, पुन्हा नाही. उसाचं वाळलं पाचट वाजलं की मी थबकतो. वाटेकरी म्हणतो, "मालक, आत नगा जाऊ, जनावर हाय." हाक मधेच तुटते. मी बांधावर परत येतो. ती परत सुरू होते तेव्हा तुम्ही माझं मनगट धरता. "उभ्याने ऐकू नकोस. बांधाने फीर. आवाज कुठं चढतो, कुठं पडतो, ते बघ."

फिरलो. विहिरीकडच्या कोपऱ्याशी आवाज चढला. तुम्ही माझ्याआधी आत शिरलात आणि चारीत पडलात. पुढे दहा पावलांवर आई पाचटावर बसलेली. म्हणाली, "लई येळ लावलास."

नंतर तुम्ही गावभर सांगितलंत, "युक्ती माझी, पण कान याचा." ती तीन यानं अजून वर गेलेली नाहीत, सर. आणि ऊस वाजला की मी अजून दचकतो. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहितोय. मला डाव्या कानाने लहानपणापासून ऐकू येत नाही; एका कानाला आवाज कळतो, दिशा कळत नाही.