सतरा तारखेची सोळा झाल्याबद्दल

प्रति,
मा. निबंधक,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय.

विषय : पत्नीच्या व इतरांच्या मृत्यूची तारीख संगणकात एक दिवस आधीची लागल्याबाबत.
संदर्भ : आपले दि. २८ जानेवारीचे पत्र.

महोदय,

१. मी याच कार्यालयातला निवृत्त प्रोग्रामर. माझी पत्नी १७ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वापाचला वारली. दवाखान्याच्या कागदावर तसेच आहे. आपल्या दाखल्यावर १६ आहे. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "काका, एका दिवसानं काय बिघडतंय?" त्यांचा दोष नाही.

२. बिघडते ते असे. तीन दिवस ती डोळे मिटून होती. सतराला सकाळी तिने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, "अहो, शर्टाच्या गुंड्या वरखाली लागल्यात. असेच आलात रस्त्यानं?" मी तिच्यासमोर सगळ्या गुंड्या काढून पुन्हा लावल्या. ती हसली. नंतर बोलली नाही. खोलीत तिसरे कोणी नव्हते. दाखल्याप्रमाणे ती तेव्हा हयातच नव्हती.

३. चूक शोधली, ती माझीच निघाली. अर्जावर नुसती तारीख असते. नव्या प्रणालीला वेळही लागते. म्हणून निवृत्तीआधी मी प्रत्येक तारखेला रात्रीचे शून्य वाजलेले जोडून दिले. प्रणाली ती वेळ जागतिक वेळेत साठवताना काही तास वजा करते, आणि मध्यरात्रीतून तास गेले की आदला दिवस येतो. दाखल्यावर तोच छापला जातो. तक्रारी आल्या तेवढ्या नोंदी टायपिंगच्या चुका समजून हाताने दुरुस्त झाल्या.

४. विशेष बाब म्हणून पत्नीची नोंद दुरुस्त करण्याचे आपण कळवलेत. आभारी आहे, परंतु तेवढीच करू नये. चौदा महिन्यांत अशा सहा हजार दोनशे अकरा नोंदी झाल्या आहेत. त्या गाळलेल्या दिवशी प्रत्येक घरात कोणी काहीतरी बोललेले असेल.

५. सरसकट एक दिवस वाढवला, तर हाताने सुधारलेल्या नोंदी बिघडतील. एकेक नोंद मूळ कागदाशी ताडावी लागेल. ते काम मला करू द्यावे. मोबदला नको, कोपऱ्यातले कोणतेही टेबल चालेल. कार्यालय बंद होईपर्यंत बसेन. घरी लवकर परतण्याचे कारण उरलेले नाही. पत्नीची नोंद मात्र सगळ्यांत शेवटी घेऊ द्यावी, ही विनंती.

आपल्या परवानगीची वाट पाहणारा,
(सही)
निवृत्त प्रोग्रामर
दि. ३ फेब्रुवारी

सोबत : दवाखान्याचा कागद, प्रोग्राममधील दुरुस्ती, एक पान.