एक तरी पाहुणा परत येईल

१ ऑक्टोबर, सकाळी लवकर (साडेनऊ)
सीझन आजपासून सुरू. रोजनिशीही आजपासूनच. मोठमोठे हॉटेलवाले रोजनिशी लिहितात असं कुठेतरी वाचलं होतं. नसतील लिहीत तर चूक त्यांची.

काल जेवताना हिने मेहुण्यासमोर अट घातली. ३१ डिसेंबरपर्यंत आपल्या लॉजवर एक तरी पाहुणा परत आला पाहिजे. एकदा राहून गेलेला, दुसऱ्यांदा, आपण होऊन. नाही आला तर लॉज बंद आणि इमारतीत मेहुण्याच्या प्लायवूडचं गोडाऊन. इमारत हिच्या वडिलांची, त्यामुळे अटी घालायचा हक्क हिचा. मी हसलो. एक काय, रांग लावतो म्हणालो. मेहुणा म्हणाला, रांगेचं नंतर बघू, आधी एक आणा. या माणसाला प्लायवूडपलीकडे दृष्टीच नाही.

संकल्प: पहाटे उठणे. पाहुण्यांशी गोड बोलणे. आपलं म्हणणं बरोबर असलं तरी वाद न घालणे. (म्हणजे कधीच न घालणे.)

४ ऑक्टोबर
पहिलं गिऱ्हाईक. नवीन लग्न झालेलं जोडपं. तीन रात्रींचं बुकिंग. आल्या आल्या नवरदेवाने विचारलं की जाहिरातीत ‘प्रत्येक खोलीतून तळ्याचं दर्शन’ लिहिलंय, ते कुठून? नेऊन दाखवलं. बाथरूममध्ये स्टूल ठेवलेलंच असतं. त्यावर चढायचं, व्हेंटिलेटरची काच तिरकी करायची, मान डावीकडे. अख्खं तळं. त्याचं म्हणणं हे बाथरूम आहे. मी विचारलं, बाथरूम खोलीत नाही तर काय अंगणात आहे?

वाद घातला नाही. फक्त विचारलं.

५ ऑक्टोबर
जोडपं सकाळीच गेलं. नव्या नवरीला आईची आठवण येते. समजू शकतो.

६ ऑक्टोबर
त्यांनी इंटरनेटवर आपल्याबद्दल लिहिलंय! पहिलंच वाक्य: ‘इथे काढलेली एक रात्र आम्ही जन्मात विसरणार नाही.’ आनंदाने हिला हाक मारली. फ्रेम करून लावू म्हणालो. हिने खालचा मजकूरही मोठ्याने वाचला. माझा चष्मा जवळ नव्हता, त्यामुळे तेवढंच वाचलं होतं. खालचा मजकूर फ्रेममध्ये मावणार नाही.

१२ ऑक्टोबर
शिस्तीशिवाय धंदा नाही. नव्या पाट्या लावल्या. ‘चपला बाहेर.’ ‘गरम पाणी सहा ते सात.’ ‘सात म्हणजे सात.’ ‘खुर्ची उचला, ओढू नका.’ ‘फुलं बघा, तोडू नका, हुंगायचीच असतील तर वाका.’ ही म्हणाली की पाट्या वाचता वाचताच पाहुण्याची सुट्टी संपते. म्हणजे तो वाचतो तरी! या मुद्द्यावर ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो असं मी धरून चालतो.

१९ ऑक्टोबर
आठवडाभर कोणी नाही. समोरच्याच्या अंगणात मात्र गाड्याच गाड्या. समोरचा म्हणजे तळ्याच्या पलीकडच्या काठावरचा लॉजवाला. तळं तेच, डास तेच, शेवाळाचा वासही तोच. तरी लोक त्याच्याकडेच. बरं, एकदा जाऊन गप्प बसतील तर तेही नाही, दरवर्षी जातात. माणसं मेंढरासारखी असतात.

विचार केला. शत्रूचा अभ्यास केला पाहिजे.

२१ ऑक्टोबर
अभ्यास दौरा. हिला सांगितलं बल्ब आणायला जातोय. कॅप आणि काळा चष्मा घातला, म्हणजे समोरचा ओळखणार नाही.

निरीक्षणं: एकही पाटी नाही. बेशिस्त. गरम पाणी केव्हाही येतं. लाडावून ठेवलंय. मी फाटकापासून बराच लांब होतो तरी समोरचा व्हरांड्यात उठून उभा राहिला. याला दुसरी कामं नाहीत. ऑम्लेट बरं होतं. एका ऑम्लेटवरून मत बनवणं शास्त्रशुद्ध नाही, म्हणून दुसरं मागवलं.

बल्ब विसरलो.

२ नोव्हेंबर
युरेका! आपल्या लॉजमागच्या कड्यासमोर ओरडलं की पूर्वी प्रतिध्वनी यायचा, असं माझे सासरे सांगत. पुढे खाणवाल्यांनी अर्धा कडा फोडून नेला, प्रतिध्वनीही गेला. पण पाहुण्यांना हे कुठे माहीत? ‘एको पॉइंट’ अशी पाटी लावली. आचारी कड्यामागे लपणार आणि जे ऐकेल ते परत ओरडणार. आचाऱ्याचा आवाज खणखणीत आहे. तालीम केली. उत्तम. फक्त त्याला सर्दी आहे, पण कड्यालाही असू शकते.

ही म्हणाली, लोकांना फसवून परत आणणार का? मी म्हणालो, प्रतिध्वनी म्हणजे तरी काय, कोणीतरी परत ओरडणंच ना.

९ नोव्हेंबर, दुपार
विमा एजंट, त्याची बायको, दोन मुलं, सासू. सगळ्यांना एको पॉइंटवर नेलं.

एजंट ओरडला, राणी! राणी म्हणजे त्याची बायको. आमचा आचारी सभ्य माणूस. परक्या बाईला नुसत्या नावाने कशी हाक मारायची? प्रतिध्वनी आला, ‘राणीताई!’

मी ताबडतोब म्हणालो की डोंगराळ हवेत आवाज थोडा लांबतो. तेवढ्यात धाकट्या मुलीने ओरडून भूक लागल्याचं सांगितलं. कडा म्हणाला, ‘काय करू? शिरा चालेल?’

सगळे इतके हसले की सासूबाईंना खाली बसवावं लागलं. वीस वर्षांत आपल्या लॉजवर एवढं कोणी हसलं नव्हतं. पॉइंट हिट आहे.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
विमा एजंट गेला. जाताना म्हणाला की कडा प्रामाणिक आहे, मालकाचं बघा. याचा अर्थ लागला नाही. आचाऱ्याला फैलावर घेतलं. तो म्हणाला की लेकरू भुकेलं म्हटल्यावर त्याच्याच्याने राहवलं नाही. वर ही त्याच्या बाजूने. शिरा त्या मुलीने बांधून नेला म्हणे.

१५ नोव्हेंबर
अभ्यास दौरा दोन. या वेळी मुक्काम केला. रात्रीची व्यवस्था दिवसा कशी कळणार? हिला सांगितलं, गिझरचा पार्ट आणायला शहरात जातोय.

निरीक्षणं: खिडकीतून तळं दिसतं. चढावं लागत नाही. सगळं असं आयतं मिळालं तर पाहुण्याला किंमत काय राहणार? समोरच्याने सकाळी विचारलं, झोप लागली का नीट. याला काय करायचंय?

लागली. बऱ्याच दिवसांनी.

२८ नोव्हेंबर
आनंदाची बातमी!! उन्हाळ्यात राहून गेलेल्या रिटायर्ड पोस्टमास्तरांचा आपण होऊन फोन! आवाज ऐकताच हिला खुणेने बोलावलं, स्पीकर लावला, मेहुण्यालाही फोनवर घ्यायचा विचार केला.

पोस्टमास्तरांचं म्हणणं, आपण त्यांचा फोटो ‘समाधानी पाहुणे’ म्हणून जाहिरातीत टाकलाय तो काढावा. नातेवाईक फोन करकरून विचारतात, जाऊ का? आणि त्यांना या वयात खोटं बोलवत नाही. मी म्हटलं, फोटोत तुम्ही हसताय. ते म्हणाले, तेव्हा रिक्षा आली होती.

हिने स्पीकर बंद केला. काही बोलली नाही. पण या वेळी मी जिंकलोय असं वाटलं नाही.

३ डिसेंबर
पाट्या कमी करायचं ठरवलं. ‘पाट्या लवकरच कमी करण्यात येतील’ अशी पाटी लावली.

१० डिसेंबर
अभ्यास दौरा तीन. खरं तर चार, मधला एक लिहायचा राहिला. खिडकीची खोली मोकळी नव्हती, समोरच्याने कोणाला तरी विनंती करून मोकळी करून दिली. मला संकोच वाटला. पण अभ्यासात खोली बदलली की निष्कर्ष बदलतात.

माझ्या स्लीपर तिथेच राहिल्यात. राहू देत. पुन्हा न्यायला नकोत.

१८ डिसेंबर
मेहुणा टेप घेऊन आला. खोल्या मोजल्या. माणुसकी म्हणून टेपचं दुसरं टोक मी धरलं. जेवणघरात आठ फुटी शीट उभ्या राहतील म्हणून खूश झाला. मी म्हटलं, अजून तेरा दिवस आहेत, शीट उभ्या करायची घाई नको. तो म्हणाला, दाजी, तुमचा उत्साह बघितला की मला वाईट वाटतं. एवढं बोलून बाथरूममधलं स्टूल उचलून गाडीत टाकलं. लागेल म्हणाला.

दुपारी ही एकटीच दोन नंबरच्या खोलीत बसली होती. चादरीला इस्त्री केलेली, ताणून घातलेली. कोण येणारे, विचारलं. कोणी नाही म्हणाली. रात्री जेवलो नाही. लॉजसाठी नाही. बहुतेक लॉजसाठीच.

२६ डिसेंबर, दुपारी चार
जिंकलो!!! टॅक्सी फाटकातून आत. खिडकीत ओळखीचा चेहरा. गेल्या वर्षीचं कुटुंब! औषधाच्या दुकानाचे मालक, त्यांची बायको, आजी. बॅगांसकट! ही पदर खोचून धावत बाहेर आली. आचारी कढई टाकून आला. मी दोन्ही हात पसरून उभा.

२६ डिसेंबर, सव्वाचार
टॅक्सीवाला चुकला होता. त्यांना समोरच्याकडे जायचं होतं. तोवर आजींनी पाटी वाचली, जागा ओळखली आणि गाडीचं दार आतून गच्च धरून ठेवलं. मी नुसता चहा घ्या म्हणत होतो. औषधवाले म्हणाले, आई उतरायची नाही, तिचं बीपी आहे.

मी हिच्यापुढे मुद्दा मांडला की गाडीची चारही चाकं फाटकाच्या आत होती, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहुणा परत आला. ही म्हणाली, आपण होऊन. आणि आत गेली. खोचलेला पदर सोडायचंही तिच्या लक्षात नव्हतं.

२९ डिसेंबर
हवापालटासाठी... खोडलं. अभ्यास दौरा.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
ही आणि मेहुणा दुपारी समोरच्याकडे गेले होते. मेहुण्याच्या ट्रकना त्याच्या बाजूच्या रस्त्याने यायचंय, त्याची परवानगी मागायला. मला कळलं असतं तर मी ट्रकच रद्द करायला लावले असते.

परत आले तेव्हा मेहुणा हसून हसून लाल झालेला. समोरच्याच्या ऑफिसात म्हणे एक भिंत आहे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या पाहुण्यांचे फोटो. सगळ्यात मोठा माझा. कॅप, काळा चष्मा, हातात काटा, काट्याला ऑम्लेट. समोरच्याने मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. उगाच लाजतील म्हणून बोललो नाही, असं त्याने हिला सांगितलं.

मी अभ्यास हा शब्द उच्चारला. ही म्हणाली, अभ्यास राहू द्या. तिने एवढंच विचारलं की तिथे असं काय आहे, ज्यासाठी तुम्ही परत परत गेलात?

नावं ठेवायला तोंड उघडलं. एकही सापडेना. शेवटी खरं ते सांगितलं. म्हणालो, मी लांबून दिसलो तरी तो उठून उभा राहतो.

ती म्हणाली की आपल्याकडे माणूस आला की तुम्ही आधी त्याच्या चपला बघता.

मेहुण्याचं हसणं थांबलं. किल्ल्या मी आपण होऊन त्याच्या हातात दिल्या. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

५ जानेवारी
प्लायवूड आलं. आचाऱ्याला समोरच्याने ठेवून घेतलं. ही म्हणाली, दोन दिवस कुठेतरी जाऊन पडू. मी नावाजलेली ठिकाणं सुचवली. तिला कुठेच जायचं नव्हतं. तिला समोरच्याकडे जायचं होतं.

७ जानेवारी
गेलो. ती फाटकात दिसताच समोरचा उठून उभा राहिला. माझ्यासाठी राहतो त्यापेक्षा लवकर. दोन दिवस ती खिडकीशी बसून होती. पलीकडे आमचं छप्पर दिसत होतं, तिकडे तिने एकदाही बघितलं नाही. 

निघताना समोरचा म्हणाला, वहिनी, परत या, दुसऱ्यांदा आलात की तुमचाही फोटो लावू. वीस वर्षं जे वाक्य ऐकायला मी कान टवकारून बसलो होतो, ते ही पटकन बोलून गेली. येणार म्हणाली, पुढच्या महिन्यातच येणार. आणि एकटी.

एकटी का, हे मी विचारलं नाही. समोरच्यानेही नाही. तिनेच सांगितलं, की इतकी वर्षं दुसऱ्यांची अंथरुणं घातली, आता कुणी घातलेल्या अंथरुणावर नुसतं पडून राहायचंय, आणि यांना बरोबर आणलं तर हे चादरीचे कोपरे तपासत बसतील.

चादरीचे कोपरे मी सकाळीच तपासले होते. नीट होते.