प्रीतीच्या अध्यायात ठेवलेलं पत्र

सोमवार, ३ मार्च. सकाळी ६.
पाळकसाहेबांनी 'देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती' या विषयावर सात मननं लिहून मागितली आहेत. त्यांतलं एक रविवारी चर्चमध्ये मीच वाचायचं. रोज एक, पहाटे, उपाशीपोटी. ठरलं.

दुपारी.
पहाटे डोळा लागला. लगबगीने उठून खुर्चीत बसलो तो नेमका ताईच्या चष्म्यावर. काडी निखळली. एका स्क्रूचं काम, दोन मिनिटांचं. तीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलंय. संध्याकाळी करतो म्हटलं.

मंगळवार, ४ मार्च.
ताईच्या मुलाचं पत्र आलं. भांडून बोटीवर गेला, त्याला अकरा वर्षं झाली. ना पत्र, ना फोन. चष्म्याशिवाय तिला अक्षर दिसेना, पोस्टमनने नाव सांगितलं तेव्हा कळलं. म्हणाली, वाच ना रे. मी म्हटलं, मनन रंगात आलंय, असलं पत्र घाईत वाचू नये. हरवू नये म्हणून बायबलमधल्या प्रीतीच्या अध्यायात खूण म्हणून ठेवलं. घरात यापेक्षा सुरक्षित जागा नाही.
पहिलं मनन पूर्ण : 'हाकेआधी धावणारी प्रीती'.

बुधवार, ५ मार्च.
ताईने चारदा हाक मारली. गुडघे गेलेत तिचे, नाहीतर स्वतःच येऊन उभी राहिली असती. सहनशीलतेवर मनन लिहिलं.
धुणं न्यायला येणारी शेजारीण म्हणाली, काका, द्या इकडे, मी वाचते. मी म्हटलं, घरचं पत्र परक्या तोंडून नको. म्हणाली, मग घरच्या तोंडाला काय झालंय? बाई फटकळ. शेजाऱ्यावर प्रीती करणं अवघड का, ते कळलं. मुद्दा टिपून ठेवला.
स्क्रूची डबी सापडली. स्क्रूड्रायव्हर नाही.

गुरुवार, ६ मार्च.
सकाळी ताई म्हणाली, निदान कधी येतोय, कसा आहे, तेवढं तरी बघ. मी म्हटलं, पत्र काय पळून चाललंय?
दुपारी विषय सुचेना. पाय मोकळे करायला बंदराकडे गेलो. गेटपाशी एक दाढीवाला, टक्कल पडलेला माणूस. काखेत कागदात गुंडाळलेली शाल, एक टोक बाहेर लोंबत होतं. येणाऱ्या प्रत्येक म्हातारीकडे मान उंचावून बघायचा. सहाचा भोंगा झाला. शाल त्याने पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवली आणि आत गेला. माझे डोळे भरून आले. देव आपली अशीच वाट बघतो. त्याच्याशी बोललो नाही. लिहिणाऱ्याने अंतर राखावं.
घरी येऊन एका बैठकीत लिहिलं.

शुक्रवार, ७ मार्च.
पाळकसाहेबांनी वाचलं, रुमाल काढला. म्हणाले, रविवारी हेच.
ताईने आज पत्राचं नाव काढलं नाही. माझ्या सहवासाने तिला शांती लाभली असावी. संध्याकाळी मात्र मलाच चुकल्यासारखं वाटलं.

शनिवार, ८ मार्च.
पत्र फोडलं. चार ओळी. बोट गुरुवारी एक दिवस थांबेल. चार ते सहा मी बंदराच्या गेटपाशी उभा असेन. तुला जमलं नाही तर मामाला पाठव. कोणीच आलं नाही तर समजेन, तुझा राग गेला नाही. पुन्हा त्रास देणार नाही. खाली पत्ता नाही.
मामा गेला होता. भोंगा होईपर्यंत उभा होता. पण दाढीत कोण ओळखणार? शिवाय माझा लांबचा चष्मा घरी.
ताईला सांगितलं, खुशाल आहे, तुझी आठवण काढतो. म्हणाली, त्याच्या शब्दांत सांग. तीन-चार वाक्यं रचली. लिहिण्याची सवय कामी आली. ती हसली. मग म्हणाली, चष्मा दे, मला बघू दे.
सुरीच्या टोकाने स्क्रू बसवला. दोनच मिनिटं लागली, म्हटलं होतंच. पण चष्मा आणि पत्र सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रविवार पार पडू दे, मग देईन.
मनन बदलावं का? पाळकसाहेबांना शब्द दिलाय. शब्द मोडू नये.

रविवार, ९ मार्च.
खूण नसल्याने अध्याय सापडायला वेळ लागला. बाकी उत्तम. पुढच्या बाकावरच्या बाया रडल्या.
घरी आलो. कालचा सदरा धुण्यात टाकून गेलो होतो. शेजारीण धुणं नेताना खिसे तपासते, हे ध्यानात राहिलं नव्हतं. ताई खिडकीशी बसली होती. डोळ्यांवर चष्मा, मांडीवर पत्र.
आवाज चढवला नाही. म्हणाली, आज कशावर वाचलंस? मी म्हटलं, बंदरावर वाट बघत उभ्या असलेल्या एका माणसावर.
तिने मांडीवरचं पत्र पाकिटात घातलं. मग म्हणाली, दिसायला कसा झालाय?
सांगितलं. दाढी. टक्कल.
शाल कुठल्या रंगाची, विचारलं नाही तिने. शालीचं मी सांगितलंच नाही.
चष्मा काढून, घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाली, ठेव तुझ्याकडे. आता वाचायचं काही राहिलं नाही.
काडी अजून जरा सैल आहे. उद्या बघतो.