रक्तातला दम

बा, तू गेल्याला अकरा वर्षं झाली, आणि मी अजून शर्यतीच्या घोड्यांचं रक्तच तपासते. धावण्याआधी एकदा, धावून आल्याबरोबर एकदा. स्नायूंनी साखर कशी जाळली, रक्तात आम्ल किती उतरलं, सराव वाढला की ते कसं कमी होत जातं, एवढंच माझं काम. गावी, पोशेऱ्याला, चुलीपाशी तुला हे सांगितलं तेव्हा तू भाकर थापणाऱ्या आईकडे बघून हसलास. "घोड्याचा दम रक्तात दिसतो? मंग माणसाचा बी दिसत असंल." मी म्हणाले, "माणसांचे डॉक्टर वेगळे, बा."

तू गेलास त्या वर्षी वरच्या पाड्यावरची बाई बाळंतपणात अडली. रस्ता खचलेला, जीप खालीच थांबलेली. बांबूला चादर बांधून तुम्ही तिला उतरवलंत. पंधरा दिवस तापाने पडून तू नुकताच उठला होतास, तरी खांदा बदलला नाहीस, हे मला आईने नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन येतो तेव्हा मी तबेल्यात आहे. हातात सुई, समोर फेसाळलेला घोडा. रक्त लगेच घेतलं नाही तर सगळी सकाळ फुकट. तू म्हणतोस, "मांड्या लाकडावानी झाल्यात गं. आन लघवी काळ्या चहावानी होते." मी म्हणते, "भरपूर पाणी पी, पडून राहा. नंतर करते फोन." "बरं. तुझं काम कर तू."

आदल्याच महिन्यात एक घोडा विश्रांतीनंतर एकदम पळवला होता. त्याच्या मांड्या अशाच कडक झाल्या, लघवी अशीच काळी. स्नायू फुटले की त्यांतला रंग मूत्रपिंडात अडकतो, हे मला पाठ होतं. त्याला एक पाऊल चालवू दिलं नाही मी. सलाईन लावून, लघवी निवळेपर्यंत त्याच्यापाशी उभी राहिले. तू मात्र फोनच्या दुसऱ्या दिवशी भातकापणीला गेलास. मी फोन केलाच नाही. जव्हारच्या दवाखान्यातून तुला नाशिकला हलवलं तोवर लघवी बंद झाली होती. मी पोचले तेव्हा तू ओळखलं नाहीस.

त्या बाईला तेव्हा झालेली मुलगी आता शाळेत जाते. मी गावी आले की तिची आई माझ्या हातात नाचणीची पिशवी ठेवते, तुझं नाव काढते, आणि मी मान खाली घालते.

हे पत्र कुठे टाकणार? आईला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण नाही दाखवणार. तिला मी सांगितलंय की त्या दिवशी रेंज नव्हती, तुझं बोलणं तुटत होतं. बा, तुझा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू आला होता.